चार किलो सीना आणि एक बिल

गेल्या हिवाळ्यात महाड तालुक्यातल्या एका दुकानात मी चार किलो सीना मागितला. अखंड, हाडं काढलेला, वरची चरबी तशीच ठेवलेला. चाचांनी सत्तूर बाजूला ठेवला. "अख्खा कशाला? हाडासकट तुकडे करून देतो, अम्मी छान सालन करेल." म्हटलं, दहा तास धुरावर ठेवायचा आहे. ते हसले. मग मी विचारलं, जनावर कधी कापलं, कुठे कापलं, बिल मिळेल का? हसू गेलं. मांस वर्तमानपत्रात, ते काळ्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका काळ्या पिशवीत. "बिल कशाला बेटा? तू घरचाच."

या "घरचाच" शब्दाशी माझं भांडण आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी पुण्याची, घर औद्योगिक वसाहतीजवळ. मांस धुरावर शिजवण्याचा नाद लॉकडाऊनमध्ये लागला. ज्याला अमेरिकेत ब्रिस्केट म्हणतात तो आपला सीना, म्हणजे जनावराच्या छातीचा भाग. उभ्या जनावराचं बरंचसं वजन हा स्नायू पेलतो, म्हणून तो चिवट. त्यातले चिवट धागे विरघळायला मंद आच आणि वेळ लागतो. धूर 110 ते 120 अंशांवर ठेवायचा आणि मांसाच्या आतलं तापमान हळूहळू 93-95 पर्यंत जाऊ द्यायचं. टेक्सासमध्येही हा एकेकाळी स्वस्तातला भागच होता. रात्रभर नहारी चुलीवर ठेवणाऱ्या आपल्या घरांना यात नवीन काही सांगायला नको. (जाता जाता एक सूचना. वसाहतीच्या आसपास भंगारात 200 लिटरचे पत्र्याचे पिंप स्वस्त मिळतात. त्यांची भट्टी करू नका. आत कोणतं रसायन होतं ते भंगारवाल्यालाही माहीत नसतं. मी विटा रचल्या आणि आंब्याचं वाळलेलं लाकूड वापरलं.)

आता चांगला सीना म्हणजे काय? महाराष्ट्रात हा प्रश्न खाटकाच्या आधी कायद्याला विचारावा लागतो. 1976 च्या कायद्याने गाय कापायला बंदी होतीच. 1995 मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारं कलम न्यायालयाने रद्द केलं.

म्हणजे राज्यातल्या कायदेशीर दुकानात उरते ती म्हैस. तिच्यासाठीही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि ती दुधाला किंवा प्रजननाला उपयोगी असेल तर तो मिळत नाही. थोडक्यात, म्हातारी झाल्याशिवाय म्हैस कायदेशीरपणे ठोकळ्यावर येत नाही. तिचं मांस गडद, चरबी पांढरी आणि बेताची, धागे जाड. त्यात ते कापल्यावर दोन-तीन तासांत विकलं जातं, स्नायू मऊ पडण्याआधीच. घरी आणून निदान दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं तर बरंच सुधारतं. अशा मांसाला मंद आचच हवी, तेव्हा म्हातारी म्हैस मला चालते. चालत नाही ते तिच्याबद्दल काहीच न कळणं.

आणि हे कळणं अशक्य आहे असं कोणी सांगू नये. भारत म्हशीच्या मांसाच्या जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. गोवंशाच्या मांसाची निर्यात बंद, म्हशीचं बिनहाडाचं मांस मात्र व्हिएतनामला, मलेशियाला, इजिप्तला जातं. ते अपेडाकडे नोंदलेल्या कत्तलखान्यातून जातं. डॉक्टर जनावर कापण्याआधी तपासतो, कापल्यावर तपासतो, मांस थंड खोलीत ठेवलं जातं, सोबत आरोग्याचं प्रमाणपत्र असतं. इथल्याच गोठ्यातली म्हैस कैरोला पोहोचते तेव्हा तिच्यासोबत कागद असतो. महाडला पोहोचते तेव्हा काळी पिशवी असते.

माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर लागणारी माहिती सगळी आधीच आहे. जनावराच्या कानात 12 अंकी टॅग असतो. कत्तलीच्या दाखल्याला क्रमांक असतो. परवानाधारक दुकानाला एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असतो आणि तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. हे तीन आकडे एका चिठ्ठीवर यायला ॲप नको, निविदा नको. शंभर रुपयांचं बिलबुक आणि एक पेन पुरे.

मित्र म्हणतात, वेडा आहेस. नोंदी केल्या की यादी होईल, आणि यादी नको त्यांच्या हाती जाईल. ही भीती खोटी नाही. ऑगस्ट 2024 मध्ये इगतपुरीजवळ रेल्वेच्या डब्यात एका वृद्ध प्रवाशाला डब्यातल्या मांसावरून मारहाण झाली, ती सगळ्या देशाने पाहिली. कुरेशी समाजाने 2025 च्या पावसाळ्यात जनावरांची खरेदी थांबवली ती याच जाचाला कंटाळून. पण बिलावर गिऱ्हाइकाचं नाव लागतच नाही. विकणाऱ्याचा क्रमांक सरकारदरबारी आहेच. आज तो लपलेला आहे फक्त माझ्यापासून. आणि बिलाने उगारलेला हात थांबत नाही, हे मलाही कळतं. मी पुण्याहून वरंधा घाटाने शीतपेटीत सीना आणला तेव्हा अब्बांचा पहिला प्रश्न होता, "कागद आहे ना?" चव त्यांनी नंतर विचारली. मारहाणीनंतर ठाण्यात पंचनामा लिहिला जातो, नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल येईपर्यंत माणूस "संशयित" असतो. त्या दिवसांत खिशात क्रमांक असलेली चिठ्ठी असणं आणि नसणं यात फरक आहे.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळं खापर सरकारवर फोडणं सोपं आहे. खाण्याच्या हक्काच्या सभांना आपण जातो. त्या दुकानाला जाळी का नाही, सांडपाणी कुठे जातं, मांस उघड्यावर का टांगलंय, हे आपण कधी विचारलं? जमातीच्या बैठकीत कब्रस्तानाच्या भिंतीवर तासभर बोलणं होतं. नगरपरिषदेकडे तपासणी होणाऱ्या कत्तलखान्याची मागणी करायचा विषय निघाला की "उगाच डोळ्यांवर कशाला यायचं" असं म्हणून चहा मागवला जातो. जे कायदेशीर आहे तेही आपण चोरीच्या मालासारखं विकतो आणि चोरीच्या मालासारखं घरी नेतो. मग बघणाऱ्याला तो चोरीचा वाटला तर? पिशवी काळी का, हे त्याने विचारण्याआधी आपण स्वतःला विचारायला हवं. यात बदनामी होते ती प्रामाणिक खाटकाची, जो दाखला घेतो, फी भरतो आणि तरीही बाकीच्यांच्या रांगेत उभा राहतो.

हे चोचले आहेत, असंही ऐकलं. धूर हा चोचला असेल. पण ते मांस तालुक्यातल्या कितीतरी मजुरांच्या, मुसलमानांच्या, दलितांच्या, ख्रिस्ती कुटुंबांच्या ताटात परवडणारं अन्न आहे. रोगट जनावराचा धोका त्यांनाच आधी.

आमच्या गावातलं चवदार तळं 1924 मध्येच नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुलं झालं होतं. तरी 20 मार्च 1927 ला हजारोंना चालत जाऊन ते पाणी प्यावं लागलं, आणि त्यासाठी मारही खावा लागला. माझ्या चार किलो सीन्याची त्या ओंजळीशी तुलना करणं उर्मटपणा ठरेल. पण कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय हाती येत नाही, हे महाडमध्ये वाढलेल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तो सीना साडेदहा तासांनी उतरवला. कडा थोड्या कोरड्या पडल्या, मधला भाग बोटाने सुटत होता. एक तुकडा चाचांना नेऊन दिला आणि सोबत नवं कोरं बिलबुक. त्यांनी तुकडा खाल्ला. बिलबुक उलटसुलट करून पाहिलं, गल्ल्याखाली सरकवलं आणि म्हणाले, "आधी तुम्ही दहा जण मागा, मग मी फाडतो."

दहापैकी चार झालो आहोत.