चालतंय ना, मग कशाला?

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. संगणकाच्या पोटातल्या भानगडीत रस नसलेल्या नातेवाइकांनी मधले एक-दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल. जाऊबाईंची हकिगत मात्र सोडू नका.

म्हणणं असं आहे. जालावरच्या एखाद्या पत्त्यावरून मजकूर आणणारा प्रोग्रॅम लिहिताना ‘टेक्स्ट म्हणजे टेक्स्ट’ असं धरून चालणं हा मराठीच्या बाबतीत निव्वळ निष्काळजीपणा आहे. त्यासाठी स्वतःचा हँडलर लिहावा आणि तो कडक लिहावा.

निवृत्तीनंतर मी जावा शिकत बसले हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. (शिकवला मराठी आणि इतिहास, पण असो.) जावाला पत्ता दिला की ती जोडणी करते. समोरचा सर्व्हर मजकुरासोबत एक चिठ्ठी पाठवतो: हा साधा मजकूर आहे, अमुक संकेतनात आहे. चिठ्ठी पाहून जावा त्या प्रकारचा ‘कंटेंट हँडलर’ शोधते. साध्या मजकुरासाठीचा तिचा आयता हँडलर तुम्हाला अक्षरं देतच नाही, नुसता बाइटांचा प्रवाह हातात ठेवतो. बरं, आपला हँडलर नेमायला जावं, तर तो नेमणाऱ्या फॅक्टरीला जावा चिठ्ठीतलं ‘टेक्स्ट/प्लेन’ एवढंच सांगते. अर्धविरामानंतरचं संकेतनाचं नाव आधीच कापलेलं असतं! म्हणून हँडलरने जोडणीकडे जाऊन पूर्ण चिठ्ठी पुन्हा मागून घ्यायची असते. मी पाहिलेल्या कितीतरी नमुन्यांत ही पायरीच नाही. दफ्तरातला मोडी कागद बाळबोध समजून वाचायला घ्यावा, तशातली ही गत.

१९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली ती युनिकोड पोटात घेऊनच. पण दारावरचा पहारेकरी जुना. वाचताना संकेतन सांगितलं नाही, तर ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतो त्या यंत्राची सवय लागू. विंडोजवर ही सवय बहुधा विंडोज-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांची. हे बदललं २०२२ च्या मार्चमध्ये, जावा १८ आली तेव्हा. न सांगता धरायचं संकेतन तेव्हा कुठे सगळीकडे यूटीएफ-८ झालं. सव्वीस वर्षं लागली! इतकी का लागली, तर इंग्रजीचं काही अडत नव्हतं. तिची अक्षरं या सगळ्या संकेतनांत एका बाइटाचीच आणि त्याच क्रमांकाची. आपला ‘म’ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा: २२४, १६४, १७४. आता १०२४ बाइटांचा तुकडा वाचा, त्याची अक्षरं करा, पुढचा तुकडा घ्या, ही लोकांची लाडकी रीत. हजार चोवीसला तीनाने भागून पाहा. एक उरतो. सलग देवनागरी असेल तर तुकड्याच्या कडेला अक्षर चिरलं जाणारच. इंग्रजीवर तपासणाऱ्याला हे जन्मात दिसायचं नाही.

आता जाऊबाई. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी माहेरच्या गावातल्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या होत्या. जशा ऐकल्या तशा, उच्चार न सुधारता लिहिल्या आणि एका हौशी संकेतस्थळावर लेखांतून दिल्या. संकेतस्थळ बंद पडणार असं कळल्यावर घरातल्याच एका हुशार मुलाने सगळे लेख प्रोग्रॅमने उतरवून घेतले. मजकूर यूटीएफ-८ होता, प्रोग्रॅमने तो विंडोज-१२५२ समजून वाचला आणि तसाच साठवला. मूळ बाइट कुणी ठेवले नाहीत. पुढे संकेतस्थळ गेलं, जाऊबाईही गेल्या.

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. बाकीची अक्षरं उलट फिरवून परत आणता येतात, ती मी आणली. पण अक्षराचा पाय मोडायच्या खुणेचा शेवटचा बाइट १४१ आणि ऱ्हस्व उकाराचा १२९, आणि ही दोन्ही घरं रिकामी! जावाने दोन्हींच्या जागी एकच बदली खूण टाकली. ए, ऐ आणि झ यांचंही तेच झालं, त्यामुळे ‘एक’ आणि ‘झक’ आता सारखेच दिसतात. हे संदर्भाने लावता येतं. पण गावातली बाई ओवीत ‘द्वार’ म्हणाली होती की ‘दुवार’? ‘स्मरण’ की ‘सुमरण’? जाऊबाईंनी सगळा खटाटोप केला होता तो नेमका हा फरक टिपायला, आणि तोच आता कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

यावर आमचा भाचा म्हणतो, “अगं मावशी, जावा ११ पासून नवा एचटीटीपी क्लायंट आहे. चिठ्ठीतलं संकेतन तो बघतो, नसलं तर यूटीएफ-८ धरतो. हँडलर कोण लिहितं हल्ली?” खरं आहे, २०१८ पासून आहे, आणि चांगला आहे. पण चिठ्ठीच खोटी असेल तर? त्याची सरळ मजकूर देणारी सोय न जुळणाऱ्या बाइटांच्या जागी गुपचूप बदली खूण घालते आणि पुढे जाते. चूक झाली तर निदान बोंब तरी मारावी! माझा हँडलर आधी मूळ बाइट जसेच्या तसे फायलीत ठेवतो. मग सगळे एकत्र करून ‘न्यू डीकोडर’ने मिळणाऱ्या डीकोडरकडून वाचतो. तो मुळातच कडक असतो, एक बाइट जरी बसला नाही तरी काम थांबवतो. भाच्याला हा आडमुठेपणा वाटतो. चाळीसेक ओळींचा आडमुठेपणा आहे, परवडेल.

युनिकोडपूर्वीच्या फाँटांतल्या मजकुराचं दुखणं वेगळं. तिथे बाइट निर्दोष असतात आणि अक्षरं फाँटाच्या मनात. त्याला प्रत्येक फाँटाचा स्वतंत्र तक्ता लागतो, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता घरच्यांना विनंती. जाऊबाईंच्या लेखांची पानं कुणी त्या काळी आपापल्या संगणकावर उतरवून ठेवली असतील, तर ती फाइल उघडून, नीट करून, पुन्हा साठवून पाठवू नका. आहे तशी, नावसुद्धा न बदलता, मला पाठवा.