गाडी थंड, डोकं गरम

डिसेंबर लागला, पारा दहा-बाराच्या घरात आला की पुणेकर दोन गोष्टी बाहेर काढतात. एक म्हणजे माळ्यावरचे स्वेटर आणि दुसरी म्हणजे स्कूटरची किक. सकाळी साडेसातला कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. खर्रर्र... खर्रर्र... फुस्स. गळ्यात आयकार्ड, हुकला डबा आणि चेहऱ्यावर 'आज पुन्हा लेट मार्क' असं लिहिलेला एखादा जीव गाडीला आधी गोंजारतो, मग शिव्या घालतो. आणि तीच गाडी संध्याकाळी ऑफिसमधून निघताना? बटण दाबलं की सुरू!

डोक्याला शॉट आहे तो इथेच. शनिवारी अकरा वाजता आपण निवांत गॅरेज गाठतो. तोवर ऊन तापलेलं, चार किलोमीटर चालून इंजिन गरम झालेलं. मेकॅनिक बटण दाबतो, गाडी गुणी बाळासारखी चालू. "मॅडम, गाडी तर एकदम ओके आहे!" म्हणजे चोरीचा पुरावा आपणच वाटेत पुसून टाकला. आता उरला अंदाज. प्लग बदलू, बॅटरी जुनी वाटतेय, कार्ब्युरेटर उघडून बघू... आणि प्रत्येक अंदाजाचं बिल आपल्या नावावर.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं. जुनी, कार्ब्युरेटरवाली स्कूटर. तिच्याकडे तीन लेट मार्कला अर्धी रजा कापतात. एका हिवाळ्यात नवीन प्लग झाला, नवीन बॅटरी झाली, तरी सकाळचं रडगाणं तसंच. मग पुढचा सल्ला आला, कार्ब्युरेटरच बदला. तेव्हा आम्ही म्हटलं, थांब बाई, आधी नीट बघू तरी.

फंडा तसा सिंपल आहे. थंडीत एकाच वेळी तीन गोष्टी आपल्या विरोधात जातात. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि जळते ती वाफ, पातळ पेट्रोल नव्हे. इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे तो जोर कमी पडतो. यातलं आपल्या गाडीला काय नडतंय, हे तिचा आवाज सांगतो.

बटण दाबल्यावर नुसतं 'कट-कट' होतंय किंवा इंजिन पेंगत फिरतंय? मग आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स बघा. किक मारताच गाडी सुरू झाली, तर संशय आणखी पक्का. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ठणठणीत, १२.२ च्या खाली असेल तर ती धड चार्जच झालेली नाही. रोज दोन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांचं हे दुखणं हमखास.

इंजिन झोकात फिरतंय, पण पकडतच नाही? मग बॅटरीला उगाच दोष देऊ नका. पाच-सहा प्रयत्नांनंतर प्लग काढून बघायचा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी कमजोर आहे, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झालंय. कोरडा असेल तर पेट्रोलच पुरेसं पोचत नाहीये. काजळीने काळा असेल तर एअर फिल्टर आणि चोकवर नजर टाका. आणि हा त्रास महिन्यागणिक वाढत चालला असेल तर टॅपेट तपासा. ते जास्त घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन कमी पडतं. हे सेटिंग इंजिन थंड असतानाच होतं, हेही लक्षात असू द्या.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे ओढायला चोकच नाही. इंजिन किती थंड आहे हे सेन्सर सांगतो आणि त्याप्रमाणे जादा पेट्रोल सोडलं जातं. सेन्सरच चुकीचं सांगू लागला तर गाडी थंड असूनही गरम समजली जाते. म्हणून चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद दम धरा, आणि इंजिनचा दिवा विझत नसेल तर गॅरेजला आवर्जून सांगा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. ब्राझीलमध्ये २००३ पासून आलेल्या, निव्वळ इथेनॉलवरही चालणाऱ्या गाड्यांत थंड सकाळसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. पण म्हणून सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. कालपर्यंत सुरू होणारी गाडी आज अडली असेल तर कारण बहुधा तुमच्याच गाडीत आहे.

मैत्रिणीने काय केलं? गाडी रात्रभर गॅरेजलाच ठेवली आणि सकाळचा पहिला स्टार्टर मेकॅनिकलाच मारायला लावला. इंजिन झोकात फिरलं, पकडलं नाही. प्लग कोरडा. त्याने चोक ओढला आणि खाली वाकून कार्ब्युरेटर बघितला. खटका वर ओढला जात होता, पण केबल सैल पडल्याने खाली काहीच हलत नव्हतं. म्हणजे चोक होता फक्त नावाला! गरम इंजिनला चोक लागतच नाही, म्हणून दुपारी सगळं आलबेल. नव्या केबलवर काम भागलं, कार्ब्युरेटर आहे तोच राहिला.

दोन पथ्यं मात्र पाळा. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये थोडी विश्रांती द्या. आणि बंदिस्त बेसमेंटमध्ये गाडी 'गरम करत' उभी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

बाकी, डॉक्टरकडे जाऊन आपण नुसतं "बरं वाटत नाही" म्हणतो का? मग मेकॅनिकला तरी "गाडी चालू होत नाही" एवढंच का सांगायचं? सकाळचा दहा सेकंदांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि गॅरेजमध्ये असं म्हणा: "रात्रभर उभी राहिली की अडते, गरम असताना अडत नाही. इंजिन जोरात फिरतं पण पकडत नाही. काही बदलायच्या आधी एकदा थंड असताना बघा." एवढ्या तीन वाक्यांत निम्मे अंदाज बाद होतात, आणि त्यांची बिलंही.