लष्कर येईपर्यंत

अनंत चतुर्दशीची रात्र होती. विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख मराठवाड्यातल्या माझ्या पिढीला कॅलेंडर पाहून आठवावी लागत नाही. मी तेव्हा लातुरात होतो. एका नातेवाइकाचा ठावठिकाणा लागेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मित्राच्या जीपमधून किल्लारीच्या बाजूला गेलो. लष्कराचे जवान तेव्हा ढिगारे उपसत होते.

बहुतेक काम हातांनीच चालले होते. वर मातीचे जाड धाबे, खाली चिखलात रचलेल्या दोन-दोन फुटी दगडी भिंती. असे घर बसले की आत हवेलाही जागा उरत नाही. यंत्र लावावे तर खाली कोणी जिवंत असेल ही धास्ती. न लावावे तर एकेका घरापायी दिवस जातो. समोरासमोरची घरे एकमेकांवर पडून गल्ल्याच नाहीशा झालेल्या. त्यात पाऊस. आणि बघ्यांची ही गर्दी! वाहनांच्या रांगांनी मदतीच्या गाड्या अडत होत्या. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण आमच्या जीपमधल्या सहाजणांपैकी चौघे नुसते पाहायला आले होते.

एका ढिगाऱ्यापाशी एक म्हातारी जवानाला काहीतरी सांगत होती. त्याला मराठी कळत नव्हते. "लेकरा, तितं न्हाई, चुलीच्या अंगाला," ती पुन्हापुन्हा म्हणे, आणि तो "हाँ माँजी" म्हणून तिथेच खणत राही. शेवटी शाळकरी वयाचा एक पोरगा पुढे झाला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने ते घर जवानाला समजावून दिले : चूल कुठे, नातवंडे कुठे निजत. जवान चार पावले बाजूला सरकला आणि नव्याने खणू लागला.

लष्कराविषयी आपल्या घराघरांत आदर आहे आणि तो योग्यच आहे. त्याच्याकडे शिस्त आहे, दोर आहेत, होड्या आहेत, न थकणारे हात आहेत. पण कोणत्या घरात कोण कुठे निजते, हे कोणत्याही छावणीत शिकवत नाहीत. शिवाय लष्कर आपणहून येत नाही. मुलकी प्रशासनाने ते मागवावे लागते. निरोप जायचा, तुकडी निघायची, रस्ता शाबूत असला तर पोहोचायची. तोवरचे तास शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असतात. ढिगाऱ्यातून जिवंत निघणारी बरीचशी माणसे त्याच तासांत निघतात, आणि तीही शेजाऱ्यांच्याच हातांनी.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला, २००६ साली खास राष्ट्रीय दल उभे राहिले. त्याची एक बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला आहे. फार चांगले झाले. पण अंतर कायद्याने कमी होत नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसे गावातल्याच होडीत दाटीवाटीने बसली आणि होडी उलटली. जुलै २०२३मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली, तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. हवा अशी की हेलिकॉप्टर उडेना. सारे जण डोंगर पायी चढून गेले.

मध्यंतरी नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. पूर आला तर अंथरुणाला खिळलेली माणसे कोण बाहेर काढणार, असे सहज विचारले. सरपंच हसून म्हणाले, "साहेब, तशी वेळ आलीच तर मिलिटरी बोलावतील की!" मग त्यांनी कपाटातून आपत्ती आराखड्याची फाइल काढून दाखवली. कागद नीटनेटके होते. पहिल्याच पानावर तलाठ्यांचा फोन नंबर होता. तो मी तिथेच लावून पाहिला. भाऊसाहेब उचलून म्हणाले, माझी बदली होऊन दोन वर्षे झाली.