लिटमानेनच्या पिढीला जे जमले नाही

फिनलंडच्या फुटबॉलचा इतिहास पाहता एक विसंगती ठळकपणे जाणवते. १९९५ साली आयाक्सकडून चॅम्पियन्स लीग जिंकणारा यारी लिटमानेन आणि पुढे लिव्हरपूलच्या बचावफळीचा आधार ठरलेला सामी ह्यूपिया हे ज्या संघात एकत्र खेळले, त्या संघाला कोणत्याही मोठ्या स्पर्धेची पात्रता मिळवता आली नाही. ती मिळवली त्यांच्याहून कितीतरी कमी नावाजलेल्या पिढीने, आणि तीही प्रशिक्षक मार्कू कानेर्वा यांच्या हाताखाली.

१९६४ साली जन्मलेले कानेर्वा हेलसिंकीच्या एचजेके आणि स्वीडनच्या एल्फ्सबोर्ग या क्लबांकडून खेळले, देशासाठी ५९ सामन्यांत उतरले, पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव फिनलंडबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. शिक्षणाने ते प्राथमिक शिक्षक. त्यांच्या प्रशिक्षणपद्धतीचे मूळ या पेशात शोधण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की फिनलंडच्या फुटबॉल महासंघाने त्यांना वर्षानुवर्षे घरातच घडवले. त्यांच्या २१ वर्षांखालील संघाने २००९ च्या युरोपीय स्पर्धेत स्थान मिळवले आणि तेथे तिन्ही सामने गमावले, तरी त्या संघातील टिम स्पार्व पुढे वरिष्ठ संघाचा कर्णधार झाला. दरम्यान कानेर्वा वरिष्ठ संघाचे साहाय्यक आणि दोनदा हंगामी प्रशिक्षक होते. स्वीडनच्या हान्स बाके यांच्या कारकिर्दीत २०१६ साली संघाला एकही विजय मिळाला नाही, तेव्हा सूत्रे ज्यांच्याकडे आली त्यांना प्रत्येक खेळाडूची कुवत आधीपासून माहीत होती.

ही ओळखच त्यांच्या डावपेचांचा पाया होती. चेंडूवर ताबा ठेवण्याचा अट्टहास सोडून दाट बचाव करायचा आणि चेंडू हिसकावताच प्रतिस्पर्ध्याची रचना सावरण्याआधी त्याच्या गोलकडे धाव घ्यायची, म्हणजे प्रतिहल्ल्यावर विसंबायचे, ही त्यांची रीत प्रेक्षणीय नव्हती, पण प्रामाणिक होती. युरो २०२० च्या पात्रता फेरीत आघाडीपटू टीमू पुक्कीने १० गोल केले आणि १५ नोव्हेंबर २०१९ रोजी लिख्टेनश्टाइनवर ३-० असा विजय मिळवून संघाने इटलीपाठोपाठ गटातील दुसरे स्थान निश्चित केले. युरो स्पर्धा १६ वरून २४ संघांची झाली होती, ही सवलत जुन्या पिढीला मिळाली नव्हती, हे येथे नोंदवणे न्याय्य ठरेल; तथापि त्याच पद्धतीने संघाने नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन विश्वविजेत्या फ्रान्सला पॅरिसजवळ २-० असे हरवले, तेथे कोणतीही सवलत नव्हती.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यात त्यांचा खेळाडू ख्रिस्टियन एरिक्सन मैदानावर कोसळल्यानंतर खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा फिनलंडने एकमेव फटक्यावर गोल केला, गोलरक्षक लुकास ह्रादेत्स्कीने पेनल्टी अडवली आणि देशाने मोठ्या स्पर्धेतील आपला पहिलाच सामना जिंकला. गोल करणाऱ्या योएल पोह्यानपालोने जल्लोष टाळला; अशा विजयावरून कोणाच्याही डावपेचांची पारख करणे अनुचितच. पुढे रशिया आणि बेल्जियमकडून पराभव झाला.

मात्र ज्या सातत्याने यश दिले, तेच अखेरीस साचलेपणात बदलले. २०२४ च्या मार्चमध्ये युरोच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या बाद फेरीत, वेल्सने फिनलंडला ४-१ असे हरवले, शरद ऋतूतील नेशन्स लीगचे सहाही सामने संघाने गमावले आणि कानेर्वा यांना पद सोडावे लागले. तो निर्णय अन्यायकारक म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्यानंतर संघ डेन्मार्कच्या याकोब फ्रीस यांच्याकडे, म्हणजे पुन्हा बाहेरच्या प्रशिक्षकाकडे गेला, यावरून एवढ्या वर्षांत महासंघाने कानेर्वा यांच्या तोडीचा दुसरा वारस घडवला नव्हता, असेच म्हणावे लागते.