मैदानावरची बारावी

दिवाळीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना मंडळाच्या कार्यकारिणीला पूर्वी तीनच गोष्टी बघाव्या लागत: हायस्कूलचं सभागृह रिकामं आहे का, केटरर मोकळा आहे का, आणि शेजारच्या मंडळाचं नाटक त्याच दिवशी तर नाही ना. आता चौथी गोष्ट आली आहे. त्या शनिवारी कोणाकोणाच्या मुलांची टूर्नामेंट आहे? गेल्या वर्षी बालनाट्याच्या तालमीला मावळे एकदाही पूर्ण जमले नाहीत. निम्मे मावळे डेलावेअरला सॉकर खेळत होते आणि तानाजी स्विम मीटला गेला होता.

आपल्या या सदरात आजवर शाळेच्या डब्यापासून आजी-आजोबांच्या व्हिसापर्यंत बऱ्याच गप्पा झाल्या. यंदा खेळाविषयी बोलू या. म्हणजे खरं तर मुलांच्या खेळाविषयी कमी आणि आपल्याविषयी जास्त.

आपली पिढी "खेळ पुरे, आता अभ्यासाला बस" ऐकत वाढली. मी सांगलीला शाळेत शिकवत होते तेव्हा मैदानाची आठवण पालकांना एकदम दहावीत यायची. राज्य पातळीवर खेळलेल्या मुलाला क्रीडा सवलतीचे किती गुण मिळतील, हे विचारायला ते यायचे. प्रमाणपत्राची झेरॉक्स हातात असायची. मुलगा नेमका काय खेळतो हे बरेचदा आईला विचारावं लागायचं. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. इथे न्यू जर्सीत आल्यावर लक्षात आलं की तीच झेरॉक्स आपण जरा महाग कागदावर काढतो आहोत.

कारण उघड आहे. आपल्या मुलांकडे मार्क आहेत, एपीचे विषय आहेत, एसएटी आहे, व्हायोलिन आहे, रोबॉटिक्स आहे. शेजारच्या देशपांड्यांच्या मुलाकडेही ते सगळं आहे आणि समोरच्या रेड्डींच्या मुलीकडेही. मग "वेगळं काय?" असा प्रश्न येतो आणि उत्तर म्हणून खेळ येतो. तोही साधासुधा नाही. फेन्सिंग, स्क्वॉश, रोइंग, गोल्फ. सहावीतल्या मुलाला तलवार हातात देताना आपण महाराणा प्रतापांचा विचार करत नसतो, कॉलेजच्या फॉर्मचा करत असतो. लातूर पॅटर्न आपण कधीच मागे टाकला नाही. त्याला फक्त शिनगार्ड घातले.

हा हिशेब निव्वळ वेडेपणाचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर जो खटला झाला आणि ज्याचा निकाल २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात लागला, त्या खटल्यात बाहेर आलेले आकडे बोलके होते. प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. एकूण अर्जदारांत हे प्रमाण ६-७ टक्क्यांच्या आसपास होतं. हा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरला आणि आमच्या भागातल्या दोन-तीन फेन्सिंग क्लबांना वेटिंग लिस्ट लावावी लागली. पण आकडा नीट वाचायला हवा. ते ८६ टक्के खेळणाऱ्या मुलांचे नाहीत, प्रशिक्षकाने यादीत घेतलेल्या मुलांचे आहेत. खरी चाळणी त्या यादीच्या आधीच लागलेली असते.

ती यादी किती मोलाची आहे हे २०१९ च्या मार्चमध्ये जगाला कळलं. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन मुलांना खोटे खेळाडू बनवलं. कधी बोट न वल्हवलेल्या मुलींचे व्यायामाच्या रोइंग यंत्रावर बसून फोटो काढले गेले. येलचा सॉकर प्रशिक्षक आणि जॉर्जटाउनचा टेनिस प्रशिक्षक लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले, सिंगर तुरुंगात गेला. आपण ती बातमी वाचून "काय हे लोक!" म्हटलं. ते बरोबरच होतं. पण मुलाच्या खेळाकडे प्रवेशपत्र म्हणून बघण्याची त्यांची नजर आणि आपली नजर यांत अंतर किती, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आता शिष्यवृत्तीचं बघू, कारण "स्कॉलरशिप मिळेल" हे वाक्य मी पार्किंग लॉटमध्ये सर्वांत जास्त ऐकते. अमेरिकेत दरवर्षी ८० लाखांहून जास्त मुलं-मुली हायस्कूलच्या संघांतून खेळतात. एनसीएएच्या स्वतःच्या माहितीनुसार त्यातली सुमारे ७ टक्के पुढे कॉलेजच्या संघात पोचतात, आणि खेळासाठी कुठल्याही प्रकारची शिष्यवृत्ती मिळते ती सुमारे २ टक्क्यांना. "कुठल्याही प्रकारची" हे शब्द महत्त्वाचे. डिव्हिजन वनमध्ये कित्येक वर्षं मुलांच्या टेनिस संघाला मिळून ४.५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि मुलांच्या सॉकर संघाला ९.९. दशांश चिन्ह छपाईची चूक नाही. प्रशिक्षक तेवढ्या शिष्यवृत्त्या वीस-पंचवीस मुलांत तुकडे करून वाटायचा. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, पण तिच्या जागी संघात किती खेळाडू ठेवायचे याची मर्यादा आली. म्हणजे पैसे कदाचित जास्त, पण जागा कमी.

आणि ज्या कॉलेजांची नावं आपण देवघरात असल्यासारखी घेतो, तिथे तर ही शिष्यवृत्ती नसतेच. आयव्ही लीगची आठही कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते आणि तिथेही ती नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन मदत करतात ती घरची आर्थिक गरज बघून. बॅकहँड बघून नाही.

एक साधा हिशेब मांडू. समजा, क्लबची फी, प्रवास, हॉटेल, खासगी कोचिंग असा वर्षाला चार हजार डॉलर खर्च येतो आणि तो आठ वर्षं चालतो. बत्तीस हजार झाले. तेच पैसे ५२९ खात्यात टाकले असते तर व्याजासकट खात्रीने कॉलेजला उपयोगी पडले असते. मुलाला खेळ आवडतो म्हणून खर्च करत असाल तर आनंदाने करा. तो खर्च पोहण्याचा, धावण्याचा, मित्रांचा आहे. पण गुंतवणूक म्हणून करत असाल तर तुमच्या ४०१के मध्ये असला फंड तुम्ही एक दिवस ठेवला नसता.

आपल्यातल्या काही घरांची गोष्ट जरा वेगळी आहे आणि तिच्याविषयी उघड बोललं जात नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा-पंधरा वर्षं उभी असलेली कुटुंबं या अंकाच्या वाचकांत बरीच आहेत. त्यांची मुलं एच-४ वर. इथल्या बालवाडीपासून इथेच शिकलेल्या या मुलांना कॉलेजसाठी सरकारची फेडरल मदत मिळत नाही, राज्यातल्या सवलतीच्या फीचे नियम राज्यागणिक बदलतात, आणि २१ वर्षं पूर्ण होताच व्हिसा संपतो. क्रीडा शिष्यवृत्ती मात्र परदेशी नागरिकालाही मिळू शकते. त्यामुळे पहाटे पाच वाजता तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या एखाद्या वडिलांना "किती हा हट्ट!" म्हणण्याआधी मी थांबते. त्यांच्या डोळ्यांसमोर पदक नसतं, एक तारीख असते. अशा घरांना माझं सांगणं एवढंच: त्या तारखेची चिंता वकिलाकडे, कॉलेजच्या समुपदेशकाकडे, परदेशी विद्यार्थ्यांनाही गरजेनुसार मदत देणाऱ्या कॉलेजांच्या यादीकडे न्या. शंभर मीटर बटरफ्लायच्या अंगावर ती टाकू नका. हल्ली खेळाडूंच्या नावावर आणि जाहिरातींवर मिळणाऱ्या पैशाची जी चर्चा आहे, त्यावरही फार विसंबू नका. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला ते पैसे घेताना कामाचे निर्बंध आडवे येतात.

आता मुलांच्या बाजूने. मी रविवारच्या मराठी शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवते. गेल्या हिवाळ्यात "माझा रविवार" या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं: "रविवारी आम्ही हॉटेलमध्ये राहातो. तिथे वाफल असते. मी चांगली खेळली तर बाबा गाडीत गाणी लावतो. मी वाईट खेळली तर बाबा बोलत नाही. मग मी झोपायचं नाटक करते." मी "खेळली"च्या जागी "खेळले" केलं, "लावतो"चं "लावतात" केलं. पुढे काय दुरुस्त करायचं ते मला सुचेना. त्या वडिलांना मी ओळखते. सरळ, प्रेमळ माणूस आहे, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या लावतो. गाडीतला तो अबोला त्याच्या ध्यानातही नसेल. दोन तास गाडी चालवायची आहे, सोमवारी रिलीज आहे, एवढंच त्याच्या मनात असणं शक्य आहे. पण मागच्या सीटवरून बघणाऱ्या मुलीने त्याचा अर्थ लावून ठेवला आहे.

शरीराचंही ऐकायला हवं. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की एकाच खेळात झोकून देणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने, हवं तर एकेक महिना करून, त्या खेळापासून दूर राहावं. आपल्याकडे बारा महिने तेरा काळ एकच खेळ चालतो. बेसबॉलमध्ये कोपराच्या अस्थिबंधाची जी शस्त्रक्रिया टॉमी जॉनच्या नावाने ओळखली जाते, ती पहिल्यांदा १९७४ साली झाली तेव्हा तो ३१ वर्षांचा व्यावसायिक पिचर होता. आज ती हायस्कूलमधल्या मुलांवर होते. आपल्या मुली सॉकर, बास्केटबॉल खेळतात. गुडघ्याच्या एसीएलची दुखापत मुलींमध्ये जास्त आढळते. शेकत बसण्याने बरी होणारी ही दुखणी नाहीत.

"मग काय, मुलांना खेळू द्यायचं नाही?" अलबत द्यायचं! सौरभ नेत्रावळकर आठवतो? २०१० साली भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईच्या रणजी संघातून खेळला, आणि मग २०१५ मध्ये संगणकशास्त्राच्या मास्टर्ससाठी कॉर्नेलला आला. नोकरी ओरॅकलमध्ये इंजिनिअरची. आणि ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं तेव्हा सुपर ओव्हर टाकणारा तोच होता. त्या दिवशी आपल्यापैकी किती घरांत ऑफिसच्या मीटिंगा म्यूटवर होत्या! त्याच्या खेळाने त्याला कॉलेजात ढकललं नाही आणि कॉलेजने त्याचा खेळ संपवला नाही. प्रत्येक मूल तिथवर जाणार नाही, जायची गरजही नाही. चाळिशीत शनिवारी सकाळी बूट घालून मैदानावर जावंसं वाटलं तरी पुष्कळ झालं.

जुन्या सवयीप्रमाणे थोडा गृहपाठ देते. एक: परतीच्या गाडीत सामन्याचा विषय मुलाने काढल्याशिवाय काढायचा नाही. भूक लागली का, हे विचारायला हरकत नाही. दोन: दर वर्षी क्लबचा फॉर्म भरण्याआधी मुलाला विचारायचं, "पुढच्या वर्षी खेळायचंय?" आणि उत्तर "नाही" आलं तर ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारायचं. तीन: शाळेच्या संघाला क्लबपेक्षा कमी लेखू नका. जेव्ही संघात बसून राहिलेलं मूलसुद्धा बसमध्ये जे मित्र मिळवतं ते खासगी कोचकडे मिळत नाहीत. चार: हजारो डॉलर घेऊन "तुमच्या मुलाला कॉलेजच्या प्रशिक्षकांपर्यंत पोचवतो" म्हणणाऱ्यांपासून जपून. प्रशिक्षकाला ईमेल मूल स्वतः लिहू शकतं, आणि त्यानेच लिहिलेली बरी.

मंडळासाठीही एक सूचना कार्यकारिणीकडे दिली आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमात आपल्याच मंडळातली कॉलेजात खेळणारी आणि खेळ सोडलेली, अशी दोन्ही प्रकारची मुलं बोलवावीत. पालकांनी प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त तिळगूळ खात ऐकायचं. आणि त्या दिवशी सभागृहामागच्या जिममध्ये खो-खो ठेवावा. त्यात कुठल्याही कॉलेजला रस नाही, त्यामुळे मुलांना मनसोक्त खेळता येईल. नऊ-नऊच्या दोन संघांना मुलं हवी आहेत. नावं माझ्याकडे द्या. मात्र आधी मुलांना विचारून.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!