अख्खा वर्ग पाठवा

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात माझ्या वर्कशॉपच्या दारात पालक यायला लागतात. मंचरजवळ हायवेला लागून माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. गेट, ग्रिल, शेडच्या कैच्या, कांदाचाळीचे सांगाडे. "पोराचं अभ्यासात डोकं चालत नाही, तुमच्याकडं लावून घ्या," असं म्हणतात. मी सांगतो, आधी वर्षभर पाबळला पाठवा, मग बघू. त्यावर ठरलेला प्रश्न येतो : "तिथं नापास झालेली पोरं जातात ना हो?"

नव्वद टक्के मिळवलेल्या पोराचा बाप मात्र कधीच येत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेला माणूस मुंबई सोडून दुष्काळी माळावर येऊन बसला, तो काही ढ पोरांची सोय लावायला नव्हे. हात चालले की डोकं चालतं, आणि ते कुणाचंही चालतं, एवढा साधा हिशोब होता. तिथला निवासी अभ्यासक्रम वर्षभराचा. वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना करावे लागतात. पोरगी वेल्डिंगचा रॉड धरते, पोरगा स्वयंपाकाला बसतो. शाळा अर्धवट सुटलेल्यांना तिथं जागा मिळाली हे खरं, म्हणूनच तो 'नापासांचा' शिक्का बसला. पण हेच शिक्षण आश्रमानं साध्या माध्यमिक शाळांतही नेलं. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस कामाचा, शिकवायला जवळपासचेच कारागीर, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगाचं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझ्याकडे तिथून आलेला एक पोरगा आहे. पहिल्याच आठवड्यात त्याला गेटची चौकट दिली. त्यानं चारही कोपऱ्यांना नुसता टॅक मारला, मग टेप घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात क्रॉस माप घेतलं, मग दुसऱ्या बाजूनं. चार मिलीमीटरचा फरक. लांब भरलेल्या कोपऱ्यावर हातोड्याचे दोन ठोके दिले, पुन्हा मापलं, दोन्ही कर्ण सारखे आले तेव्हा कुठं फुल वेल्डिंगला हात घातला. तेही सलग नाही. एक कोपरा मारला की समोरचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "गार होताना लोखंड ओढतं ना." त्याआधी एक डिप्लोमावाला आला होता. भूमिती तोंडपाठ. त्यानं केलेलं गेट समांतरभुज चौकोन निघालं. त्या पोराचा यात काही दोष नाही. काटकोन त्यानं आयुष्यात वहीतच बघितलेला, तोही कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या गुण्यानं.

आता माझ्या घरातली गोष्ट. वडील सुतार. गावाचे नांगर, कुळव, पाभरी करायच्या आणि खळ्यावर धान्याची वाट बघायची. मी वाकसाला हात लावला की ते ओरडायचे. पोरानं पुस्तक धरावं, एवढाच त्यांचा हट्ट. त्यामुळे 'हातकामाचं शिक्षण' म्हटलं की कोणकोणत्या घरांत कपाळाला आठ्या पडतात ते मला ठाऊक आहे, आणि त्या बरोबर पडतात. मद्रास राज्यात राजाजींनी १९५३ साली प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात पोरांनी घरी आईबापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. म्हणजे न्हाव्याच्या पोरानं वस्तरा आणि चांभाराच्या पोरानं आरी. पेरियारांनी रान उठवलं, आणि पुढच्याच वर्षी कामराज सरकारनं ती योजना गुंडाळली. चांगलं झालं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हा बापाचा धंदा पोराच्या गळ्यात मारायचा विचार त्यात नव्हता. पण लोकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली ती झालीच. सेवाग्रामला आनंद निकेतनमध्ये पोरं आजही शेतात आणि स्वयंपाकघरात गणित-विज्ञान शिकतात. तिथली भाकरी सगळी पोरं थापतात, फरक नेमका तिथं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की कामाचा दिवस मागच्या बाकासाठी राखून ठेवला की ती जुनी जातच नव्या नावानं वर्गात येऊन बसते. सगळ्यांना दिला तर ते शिक्षण होतं. डॉक्टर व्हायच्या पोरीनं टाके घालायच्या आधी शिवण शिकलेलं काय वाईट?

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. दहा दिवसांत ग्राइंडरचा आवाज कानाला सरावतो, बाकी काही नाही. मागं एक शाळा अशीच माझ्याकडे आली होती. पोरांच्या डोक्यावर हेल्मेट चढवली, फोटो काढले, बिस्किटं वाटली आणि बस निघून गेली. एकाही पोराच्या हाताला काळं लागलं नाही.

खर्चाचं रडगाणं मला सांगू नका. शाळेचीच मोडकी बाकं, गळके नळ, ग्रामपंचायतीचं कुंपण, अंगणवाडीची जाळी एवढ्यावर वर्ष निघतं. मालाचे पैसे ज्याचं काम त्यानं द्यावेत, मजुरी पोरांच्या शिकण्यात जमा. शिकवायला गावातला गवंडी आणि वायरमन घ्या, त्याला 'सर' म्हणा, आणि त्याचं मानधन दर महिन्याला द्या. मार्चअखेर एकदम देतो म्हटलं तर तो जून सरायच्या आत साइटवर पळेल. पळायलाच पाहिजे, त्याचंही घर आहे. आणि दहावीच्या टक्केवारीत या विषयाचे मार्क धरा, श्रेणीबिणी नको. मार्क धरले की हुशार पोरांचे पालक आपोआप चौकशीला येतील.

आमच्या भागातल्या मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे. दर शनिवारी सकाळी माझं एक टेबल आणि एक मशीन तुमच्या आठवीसाठी मोकळं ठेवायला मी तयार आहे. गॉगल आणि हातमोजे माझे, बूट मात्र घालून या, चप्पल चालणार नाही. निवडून चार पोरं पाठवू नका. पाठवायचा तर अख्खा वर्ग पाठवा, पहिल्या नंबरासकट.