फिशटँकमधली भाजी

शेलूत राहून मुंबईत नोकरी म्हणजे घराला रोज बारा तास कुलूप! फिशटँकचं पाणी बिघडायला एवढा वेळ भरपूर झाला. म्हणूनच माझे गोल्डफिश भाजी खातात ती रात्री, मी लोकलमधून उतरून घरी पोचल्यावर.

भाजी द्या, जरूर द्या. नुसत्या कोरड्या दाण्यांवर गोल्डफिशचं पोट गच्च होतं. फंडा सोपा आहे: मटार दोन मिनिटं उकळा, गार करा, साल काढून चुरडा. काकडीची पातळ चकती किंवा उकडलेलं पालकाचं पानही चालतं. मीठ-मसाला अर्थातच नको!

खरी गडबड करते ती उरलेली भाजी. ती कुजली की बॅक्टेरिया वाढतात, पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन घटतो. सोबत अमोनियाही वाढतो. तो डोळ्यांना दिसत नाही. मासे वर येऊन धापा टाकायला लागतात तेव्हा कळतं. त्यामुळे दोन तासांत उरलंसुरलं जाळीने बाहेर काढायचं, मगच झोपायचं.

तरी पाणी दुधाळ झालंच, तर टँक रिकामा करू नका. पाव हिस्सा पाणी बदला, तेही क्लोरीन घालवलेलं. फिल्टर चालू ठेवा आणि एक दिवस माशांना चक्क उपास घडवा. काही बिघडत नाही!